आगाऊ कळ

कराडमध्ये संपत डुबल सरांच्या हाताखालून गेलेला माणूस ओळखणं अवघड नव्हतं. तो जिना उतरताना कठडा धरायचा. सरांनी सगळी नोकरी एका हायस्कुलात खेळाचे शिक्षक म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर कृष्णाकाठी 'संगम धावक मंडळ' सुरू केलं. शाळेतली पोरं असोत नाहीतर मंडळातले पोट सुटलेले वकील, सरांकडे सगळ्यांना एकच औषध होतं. कुणी पोटरी धरून बसलं, कुणी घोट्याकडे बोट दाखवलं, की सर तोंडातली शिट्टी बाजूला करून म्हणायचे, "जरा कळ काढ." पळणाऱ्यानं कळ काढावी, दुखणं आपोआप दमतं, असं त्यांचं शास्त्र होतं. दुखणं काही दमायचं नाही. माणूस दमायचा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जायचा.

सर स्वतः कधी दुखावले नाहीत, खरी गोम तीच होती. त्यांची हाडं जन्मतःच चिवट होती आणि त्याचं श्रेय ते आपल्या स्वभावाला देत. पण गाव काही इतकं भोळं नसतं. मंडळ हळूहळू ओस पडलं. त्यातच मलकापूरच्या बाजूला एक नवं मंडळ निघालं. तिथं म्हणे नवख्याला आधी चालायला लावत, मग थोडं पळायला, मग पुन्हा चालायला. "अंगणवाडी काढलीय," असं म्हणून सर हसायचे. जुने वकील मात्र एकेक करून त्या अंगणवाडीत जाऊन बसले.

अशा दिवसांत डॉ. फरझाना मुल्ला त्यांच्या घरी आल्या. या फिजिओथेरपिस्ट. सरांचे निम्मे विद्यार्थी त्यांनीच दुरुस्त केले होते, त्यामुळे दोघांची ओळख जुनी आणि थोडी अवघडलेली होती. त्यांनी प्रस्ताव आणला होता. हैदराबादच्या एका कंपनीनं पळणाऱ्यांसाठी 'सावध' नावाची पट्टी काढली होती. मोठ्या शहरांतल्या खेळाडूंवर ती वापरून झाली होती. आता पन्नाशी उलटलेलं, जन्मात न पळालेलं असं लहान गावातलं एक माणूस आणि त्याला एक मार्गदर्शक हवा होता. सगळं नीट झालं तर वर्षाअखेरच्या 'कृष्णाकाठ दौडी'ला कंपनीची मंडळी येणार होती आणि मार्गदर्शकाचा सत्कार होणार होता.

सत्कार म्हटल्यावर सरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि स्वयंपाकघराकडे हात केला. "ही घ्या की. हिच्याइतकं न पळालेलं माणूस सातारा जिल्ह्यात सापडायचं नाही तुम्हाला."

ही म्हणजे शालनबाई, सरांच्या पत्नी. त्या चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. लग्न झाल्यावर लगेच त्यांनी एकदा नवऱ्याला विचारलं होतं, मलाही शिकवाल का पळायला? तेव्हा सर म्हणाले होते की पळायला अंग लागतं. त्यावर पुन्हा विचारण्याची सोय नव्हती. मग इतकी वर्षं त्या शर्यतीच्या शेवटच्या रेषेजवळ लिंबूपाण्याची बादली घेऊन उभ्या राहिल्या आणि दमून येणाऱ्या परक्या माणसांना पाणी पाजत राहिल्या. आता कुणी त्यांना विचारलंच नव्हतं, तरी त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि सांगून टाकलं, "मी पळीन."

डॉ. मुल्लांनी मग सगळं समजावून सांगितलं. हाड म्हणजे दगड नव्हे, त्या म्हणाल्या. पळताना प्रत्येक पावलाला हाडात केसाहून बारीक चिरा पडतात. आपण विश्रांती घेतो तेव्हा शरीरातले गवंडी त्या बुजवतात, आणि बुजवताना जागा आधीपेक्षा पक्की करून ठेवतात. व्यायामाचा फायदा म्हणतात तो हाच. गवंड्यांचं काम उरकायच्या आत माणूस पुन्हा पळाला, की चिरा साठत जातात आणि एके दिवशी हाड जातं. नवख्याचा घात यातच होतो. छाती आणि दम काही आठवड्यांत तयार होतात, हाडांना आणि शिरांना मात्र कितीतरी महिने लागतात. म्हणजे पळण्याची गोडी लागते नेमक्या त्याच दिवसांत पाय मोडायला आलेला असतो, आणि दुखायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो.

चीर पडताना मात्र आवाज होतो. तो माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, नडगीवर बांधलेल्या पट्टीला येतो. गुडघ्यामागे कातडीखाली सुईनं तांदळाच्या दाण्याएवढी एक तार बसवायची. पट्टीला चिरांचा आवाज वाढलेला कळला, की तार शेजारच्या नसेला हळूच डिवचते. महिन्यानं जी कळ येणार, तिचा नमुना आजच मिळतो. तेवढ्यावर थांबायचं, घरी जायचं. "आगाऊ कळ," डॉ. मुल्ला हसून म्हणाल्या.

"आगाऊच आहे," सर म्हणाले.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी जरा गंभीर होऊन सांगितली. हीच तार खूप वेगानं थरथरवली तर उलट काम करते. स्नायू हलवणाऱ्या नसांना धक्का न लावता दुखण्याचा निरोप तेवढा अडवून धरते. डोंगरात कुणाचा पाय मोडला, त्याला खाली आणायचंय, अशा वेळेसाठी ती सोय होती. ती फक्त मार्गदर्शकाच्या आवाजानं चालायची. ती चालू-बंद करायचे शब्दही त्याच्याच फोनवर यायचे आणि वाचून झाले की पुसले जायचे, भलत्याच्या हाती लागू नयेत म्हणून. "मलासुद्धा दिसत नाहीत ते. गरज पडल्याशिवाय वापरू नका, सर." सरांनी मान हलवली आणि आपला आवाज नोंदवायचं काम लोंबकळत ठेवलं. बायकोच्या पायातली तार ही त्यांच्या लेखी कौतुकाची गोष्ट नव्हती.

शालनबाई पळायला लागल्या. पळायला कसल्या, घाटावर थोडं दुडकत जायच्या, मग चालायच्या, मग पुन्हा दुडकायच्या. कळ आली की मुकाट्यानं घरी परतायच्या आणि दुसऱ्या दिवशी नुसत्या चालून यायच्या. आखूड पावलं टाकली, टाच दणकन आपटली नाही, की कळ उशिरा येते हे त्यांना कुणी न सांगता उमगलं. रोज पळायचं नसतं, हेही उमगलं. सर त्यांच्यासोबत जात नसत. घाटावरच्या एका दूधवाल्यानं त्यांना थांबवून विचारलं होतं, "सर, वैनी पळत्यात का हरवलेलं जोडवं हुडकत्यात?" त्या दिवसापासून सर दुसऱ्या रस्त्यानं फिरायला जाऊ लागले.

शालनबाईंना मात्र कुणाच्या बोलण्याचं काही वाटेना. त्या घरी आल्या की घामेजल्या चेहऱ्यानं चहा टाकायच्या आणि आज पुलाच्या कुठल्या खांबापर्यंत गेले ते सांगायच्या. एकदा म्हणाल्या, "पन्नाशी उलटली माझी. आजवर मला 'पुरे का?' असं कुणी विचारलं नव्हतं. ही पट्टी विचारती." सरांना हे वाक्य लागलं. आपण आपल्या बायकोला काही विचारलं नाही हे त्यांना लागलं असतं तर बरं होतं. लागलं ते हे, की एका पट्टीचं कौतुक आपल्या घरात चाललंय.

दौडीची तारीख ठरली, कंपनीच्या लोकांचं येणं पक्कं झालं, तेव्हा सरांना जाग आली. एका संध्याकाळी त्यांनी फोन काढून आवाज नोंदवला. पडद्यावर सूचनांमागून सूचना आल्या. त्यांनी आपण सगळेच करतो तसं केलं, एकही ओळ न वाचता 'पुढे, पुढे' दाबत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सायकल घेऊन बायकोबरोबर निघाले. पुलापलीकडच्या चढावर शालनबाई मंदावल्या. "सांगतीय ती," त्या पायाकडे बघत म्हणाल्या, "थांबते मी." त्याच वेळी समोरून मलकापूरच्या मंडळाचा घोळका येत होता आणि त्यात सरांना सोडून गेलेले वकील होते. सरांचे कान तापले. ते सायकलवरून वाकून दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, लोक बघतायत. जरा कळ काढ."

शालनबाई दोन पावलं चालल्या आणि थबकल्या. त्यांनी पाय उचलून पाहिला, टेकवून पाहिला. "गेली की हो," त्या म्हणाल्या आणि पळत सुटल्या. वकिलांना मागं टाकून चढ चढून गेल्या. सर सायकल हाणत त्यांच्या मागं गेले तेव्हा त्यांचा ऊर भरून आला होता. आयुष्यभर सांगत आलेली गोष्ट आज गावासमोर खरी ठरली होती.

खरं काय झालं होतं ते त्यांना घरी आल्यावर फोनवर दिसलं. 'कळ काढली आहे. परत द्यायची असल्यास म्हणा: कळ दे.' खाली पायाचं चित्र होतं, नडगीवर लाल रेघ होती आणि ताबडतोब विश्रांती घ्या असं लिहिलं होतं. हैदराबादच्या लोकांनी शब्दकोश समोर ठेवून मराठी शब्द ठरवले होते. कळ म्हणजे वेदना, काढणे म्हणजे दूर करणे. मराठी माणूस कळ काढ म्हणतो तेव्हा ती दूर करायला सांगत नसतो, ती तशीच राहू दे आणि सोस असं सांगत असतो, हे त्यांना सांगायला कुणी गेलं नव्हतं. पट्टीनं आपलं शिकवलेलं काम केलं. शब्द वाचून झाले आणि पडदा कोरा झाला.

म्हणजे जिंकलं होतं ते सरांचं शास्त्र नव्हे, यंत्राचं कच्चं मराठी. हे समजायला सरांना वेळ लागला नाही; मूर्ख ते कधीच नव्हते. त्यांनी बाहेरच्या खोलीत उभं राहून, तोंड खिडकीकडे करून, हळूच म्हटलं, "कळ दे."

आत भांडं पडलं. सर स्वयंपाकघराच्या दारात गेले तर शालनबाई ओट्याला धरून जमिनीवर बसलेल्या. चेहरा पांढराफटक पडलेला, ओठ दातांखाली. "अहो, पायात... आत कुणीतरी करवत चालवतंय," त्या कशाबशा म्हणाल्या. आगाऊ कळ अशी नसते. ही खरीच होती, चढावर पळून कमावलेली.

त्या वेळी डॉ. मुल्लांना एक फोन करायचा होता, बस. थोडे आठवडे विश्रांती घेतली असती तर ती रेघ बुजून गेली असती आणि पुढच्या वर्षी शालनबाई पुन्हा घाटावर दुडकल्या असत्या. सरांना हे पक्कं ठाऊक होतं, इतके मोडलेले पाय त्यांनी पाहिले होते. पण दौड तोंडावर आली होती. चढावर बघत राहिलेले वकील त्यांच्या डोळ्यांपुढून जात नव्हते. ते बायकोशेजारी खाली बसले, कित्येक वर्षांत ठेवला नव्हता असा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि मायेनं म्हणाले, "जरा कळ काढ."

बघता बघता शालनबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी पदरानं कपाळ पुसलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते. "तुमच्या बोलण्यात काय आहे हो? असं जवळ बसून आधी कधी म्हणाला नव्हता."

"असतं काहीतरी," सर म्हणाले. त्या क्षणी या माणसाची कॉलर धरून त्याला गदागदा हलवावं असं वाटतं, पण स्वयंपाकघरात त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं.

पुढचे दिवस शालनबाईंच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, आणि हे खोटं नाही. त्या रोज पळाल्या. विश्रांतीचा दिवस सरांनी रद्दच केला. चढ असो, उतार असो, पायात काही म्हणजे काही होत नव्हतं. 'हे म्हणाले आणि कळ गेली', असं त्या भेटेल त्याला सांगायच्या आणि सांगताना लाजायच्या. दूधवाल्यानं टिंगल बंद केली. मंडळात जुने चेहरे दिसू लागले. एक वकील पेढे घेऊन आला. सरांनी मंडळासाठी नवा फलक करून घेतला, त्यावर मोठ्या अक्षरांत 'जरा कळ काढा' असं लिहिलं. संध्याकाळी शालनबाई पायाला तेल लावत बसायच्या. नडगीवर एका जागी सूज होती, बोट दाबलं की खड्डा पडायचा. दुखत नव्हतं म्हणून त्या काळजी करत नव्हत्या. सर त्या वेळी टीव्हीकडे बघायचे.

डॉ. मुल्लांचा फोन आला तो सरांनाच. पट्टीनं ऐकलेले चिरांचे आवाज त्यांच्याकडे पोहोचले होते आणि त्या घाबरल्या होत्या. काकूंना कितपत दुखतंय, त्यांनी विचारलं. जरासुद्धा नाही, सर म्हणाले, आणि यात अक्षरही खोटं नव्हतं. मग तर जास्तच वाईट, डॉक्टर म्हणाल्या, तारेत काहीतरी बिघाड आहे. पळणं आजच्या आज बंद करा आणि पायाचा एक्स-रे काढायला घेऊन या. हो, आणतो, सर म्हणाले. कुणाचा फोन होता, असं शालनबाईंनी आतून विचारलं.

"मुल्ला मॅडम. तुझं कौतुक करत होत्या."

दौडीच्या दिवशी घाटाजवळ मांडव पडला. कंपनीची तीन माणसं हार घालून व्यासपीठावर बसली होती आणि ध्वनिक्षेपक सरांच्या हातात होता. आपल्या मंडळाचा कोण कितवा आला ते सर सांगत होते, पण त्यांचं लक्ष रस्त्याच्या वळणाकडे होतं. मग ती वळणावर दिसली. पिवळा बनियन, साडीऐवजी काळी विजार, डोक्याला रुमाल. लोक ओरडायला लागले. ती हसत होती.

सरांनी पहिल्याच नजरेला ओळखलं. डावं पाऊल प्रत्येक वेळी टेकताना बाहेर वळत होतं. हाड गेलं होतं आणि तिला कळलं नव्हतं. खिशातला फोन थरथरत होता. सरांच्या हातात अजूनही एक गोष्ट होती. त्यांनी 'कळ दे' म्हटलं असतं तर ती होती तिथं खाली बसली असती, आणि पाय निदान तेवढ्यावर थांबला असता. पण मग ती रेषेच्या अलीकडे बसली असती, साऱ्या गावासमोर, कंपनीच्या माणसांसमोर, आणि बसली ती का, हा प्रश्न आला असता. रेषा जवळच आहे, सरांनी मनाशी म्हटलं. कंपनीची माणसं टाळ्या वाजवत उभी राहिली होती. सरांनी ध्वनिक्षेपक तोंडाशी नेला आणि म्हणाले, "शाब्बास."

शालनबाईंनी दोन्ही हात वर केले आणि उरलेला रस्ता त्या अजून जोरात पळाल्या. रेषेवर शेवटचं पाऊल पडलं तेव्हा पाय गुडघ्याच्या खाली, जिथं सांधा नाही तिथं, वाकला. त्या हसत हसतच खाली बसल्या. मग त्यांना समोरच्या बायकांचे चेहरे दिसले, आणि त्या कुठं बघतायत म्हणून त्यांनी स्वतःच्या पायाकडे पाहिलं. विजार फाटून बाहेर काहीतरी पांढरं आलं होतं.

इस्पितळात डॉ. शिंगटे या हाडांच्या शल्यविशारदांनी पाय पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. पोटरी दगडासारखी घट्ट झाली होती. आत रक्त कोंडलं होतं. पोटरी चिरून दाब मोकळा केला तर पाय वाचेल की स्नायू आधीच मेलेत आणि पाय काढावा लागेल, हे ठरवायला एकच खूण लवकर आणि खात्रीनं सांगते. बोटं ओढायची. स्नायू जिवंत असेल तर माणूस कळवळतो. शालनबाई आढ्याकडे बघत शांत पडल्या होत्या. त्यांना घाम नव्हता, कण्हणं नव्हतं. "कळच नाही, तर मी कशावरून ठरवू?" डॉ. शिंगटे म्हणाले.

डॉ. मुल्ला धावत आल्या होत्या. तार हाडाच्या बाहेर आलेल्या टोकाजवळ, रक्तवाहिनीला चिकटून होती; ती उपटून काढणं धोक्याचं होतं. त्यांनी शालनबाईंना पुन्हा पुन्हा विचारलं, दुखणं थांबलं केव्हापासून? शालनबाई म्हणाल्या, "हे म्हणाले ना, जरा कळ काढ, तेव्हापासून." डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांच्या एका क्षणात सगळं ध्यानात आलं. म्हणजे आलं असं त्यांना वाटलं. त्या सरांकडे वळल्या आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "सर, तुमचा काय दोष? त्या लोकांनी आपली भाषा न समजता शब्द घातला. तुम्हाला कसं माहीत असणार?"

सर खाटेच्या पायथ्याशी हाताची घडी घालून उभे होते. "मला काय माहीत," ते म्हणाले. केवढा आसरा मिळाला होता. ते त्याच्या आत शिरून उभे राहिले.

कळ परत देण्याचे शब्द सरांखेरीज कुणालाच माहीत नव्हते. फोनचा पडदा कोरा. रविवार असल्यानं हैदराबादला कुणी उचलत नव्हतं. व्यासपीठावरची माणसं विकणारी होती, त्यांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. डॉ. मुल्ला एका क्रमांकावरून दुसऱ्यावर लावत राहिल्या. बराच वेळ गेला. सर भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत होते. पायाची बोटं निळसर झाली होती. डॉ. शिंगटे म्हणाले, आता मी थांबू शकत नाही. तेव्हा डॉ. मुल्लांना सुचलं. "सर, अंदाजानं म्हणून बघा. काढच्या उलट काहीतरी असणार. तुमचाच आवाज लागतो."

सरांच्या मनात झटक्यात हिशेब झाला. पहिल्याच फटक्यात बरोबर आलं तर चांगलं दिसणार नाही. ते घसा साफ करून म्हणाले, "कळ घाल." काही झालं नाही. थोडं थांबून, आठवल्यासारखं करून, "कळ आण." मग "कळ लाव." शालनबाईंना त्यातही हसू आलं. "कळ कसली लावताय," त्या पुटपुटल्या. सर जागचे हलले नव्हते, हाताची घडीही मोडली नव्हती.

मग सर पुढं आले. खाटेच्या कडेनं डोक्याशी गेले, वाकले आणि दोन्ही हातांनी बायकोचे खांदे घट्ट धरले. "कळ दे," ते म्हणाले.

ती ओरडली नाही. ओरडायला लागतो तेवढा श्वासच तिच्या छातीत उरला नव्हता. सारं अंग खाटेवरून उचललं गेलं आणि सरांच्या हातांनी ते दाबून धरलं. डॉ. मुल्ला रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "सापडला. देवासारखे सापडलात, सर." डॉ. शिंगट्यांनी बोटं धरून ओढली आणि विचारलं, इथं? शालनबाईंनी मान हलवली. इथं? काही नाही. नडगी पेटली होती, गुडघा पेटला होता, पण नडगीच्या खाली काहीच नव्हतं. डॉक्टरांनी बोटं हळूच खाली ठेवली. जरा आधी कळायला हवं होतं, ते म्हणाले. गुडघ्याखालून काढावा लागेल, काकू.

शालनबाईंनी ते ऐकलं. त्या दातांमधून श्वास घेत होत्या. मग त्यांनी आपल्या खांद्यावरच्या हाताकडे पाहिलं, दुसऱ्या खांद्यावरच्या हाताकडे पाहिलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. सर डोळे चुकवणार होते, ते जमलं नाही.

"बाकीचे शब्द तुम्ही तिकडं उभं राहून म्हटलात," त्या एकेक शब्द तोडत म्हणाल्या. "हा म्हणायच्या आधी मात्र मला येऊन धरलंत."

डॉ. मुल्लांनी सरांच्या हातांकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. डॉ. शिंगटे खाली बघून म्हणाले, भूल द्यायला थोडा वेळ लागेल, तोवर सरांनी ते शब्द म्हटले तर काकूंचं दुखणं थांबेल.

"नको," शालनबाई म्हणाल्या. "कळ राहू दे. ह्यांना बाहेर काढा."

सर बाहेर आले आणि दार लागलं. आतून कण्हण्याचा आवाज येऊ लागला, आधी दबका आणि मग मोकळा. तो थांबवायचे शब्द त्यांच्या तोंडात तयार होते, आयुष्यभर होते तसेच. बाकावर बसून त्यांना तो आवाज शेवटपर्यंत ऐकावा लागला.